सेन्योरिताचे धर्मबाप

क्रिसांतो सरांना बायकोनं कोबी आणायला पाठवलं होतं आणि ते बस घेऊन आले.

असं एका वाक्यात सांगितलं की माणूस वेडसर वाटतो, म्हणून जरा नीट सांगायला हवं. डोंगरावरच्या बागियो शहराच्या खालच्या अंगाला भाजीचं खोरं आहे. तिथल्या एका व्यापाऱ्याच्या गोदामामागे सर गेले ते केवळ आडोसा शोधत. साठी उलटली की माणसाला आडोसा वरचेवर शोधावा लागतो. तिथं कोंबड्यांचं खुराडं होतं आणि खुराड्याला चाकं होती. चाकांवर एकामागे एक लाकडी बाकं होती आणि बाकांवर कोंबड्या पुढे तोंड करून ओळीनं बसल्या होत्या, जणू तिकीट काढून डोंगर बघायला निघाल्या आहेत. सरांनी बाजूच्या पत्र्यावरचं शेवाळ रुमालानं पुसलं. खालून 'सेन्' एवढी अक्षरं निघाली. पुढची पुसायची गरजच पडली नाही. सर ज्या कामाला आले होते ते विसरून परत फिरले.

'सेन्योरिता' ही एके काळी बागियोतली एकुलती एक मोकळी बस. छप्पर नाही, दारं नाहीत, खिडक्या नाहीत. पाऊस आला तर वरून ताडपत्री ओढायची. मनिलाहून उन्हाळ्यात थंडाव्याला आलेले लोक तिच्यातून डोंगरकड्यावरच्या सज्ज्यापर्यंत जायचे, खालची दरी बघायचे, मक्याची कणसं खायचे आणि सर्दी घेऊन परत यायचे. या बसवर पुढे तोंडाशी कर्णा धरून प्रवाशांना माहिती सांगायची ती सरांची थोरली बहीण, मानांग सोलिंग; मानांग म्हणजे ताई. सर तेव्हा अर्ध्या चड्डीत होते. बहिणीला पिवळा स्कार्फ बांधून बसवर चढताना बघून त्यांना वाटायचं की हे सगळे डोंगर आपल्या घरच्या मालकीचे आहेत.

व्यापारी निघाला सरांचाच जुना विद्यार्थी. सरांनी आयुष्यभर भूगोल शिकवला असल्यामुळे बागियोत त्यांना कुठेही जुना विद्यार्थी भेटतो. भाजीत भेटतो, बँकेत भेटतो, दवाखान्यात तर हातात सुई घेऊन भेटतो.

"घेऊन जा सर," तो म्हणाला, "तुमच्यासाठी काय पण! फक्त कोंबड्या माझ्या."

संध्याकाळी भाजीच्या ट्रकला बांधून सेन्योरिता सरांच्या गल्लीत आली. एक कोंबडी चुकून राहिली होती. सरांची बायको फेलिसा दारात उभी होती. तिनं बस बघितली, कोंबडी बघितली, मग सरांचे रिकामे हात बघितले.

"कोबी?"

"फेलिसा, हा आपल्या शहराचा वारसा आहे."

"बरं. मग आज वारशाचीच भाजी करते."

वारसा, वारसा असं सर ज्याला त्याला सांगत सुटले, पण ते ताकाला जाऊन भांडं लपवणं होतं. खरी गोष्ट वेगळी होती. मानांग सोलिंगची एकुलती एक मुलगी कॅनडातल्या विनिपेगला परिचारिका होती. आईला कायमचं तिकडे न्यायचे कागद इतकी वर्षं अडकले होते, ते नेमके त्या पावसाळ्यात सुटले. ख्रिसमस झाला, जानेवारीतला तीन राजांचा सण झाला की मानांग जाणार. नवरा गेल्यापासून ती सरांच्याच घरात, तळमजल्यावरच्या खोलीत राहत होती. सरांना आई आठवत नव्हती; जी काही आठवत होती ती ही बहीणच. ती जाणार म्हटल्यावर सरांनी एकदाही 'जाऊ नकोस' म्हटलं नाही. शिकल्यासवरल्या माणसाला असलं सरळ वाक्य तोंडातून काढता येत नाही. त्यांनी त्याऐवजी बस आणली. त्यांच्या मनात असं पक्कं बसलं की एकदा का सेन्योरिता चालू झाली आणि मानांग तिच्यातून वर सज्ज्यावर गेली, की तिचा पाय इथून निघणार नाही.

मानांग काठी टेकत गल्लीत आली. तिनं बसभोवती एक चक्कर मारली, पुढच्या दांड्याला हात लावला आणि खो खो हसली.

"मेली अजून आहे होय! मला वाटलं, आधी मीच जाणार. सान्तो, मी जायच्या आत मला एकदा हिच्यातून वर घेऊन जाशील?"

"जाशील का काय? नेणारच!" सर म्हणाले. इथं त्यांनी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या लोकांना बोलायला विषय झाला. त्यांना तो नव्हता अशातला भाग नाही, पण आता तो दारात उभा होता आणि निम्मी गल्ली अडवून होता. समोरचे मानोंग, म्हणजे दादा, एर्मोहेनेस जन्मभर सोन्याच्या खाणीत जमिनीखाली काम केलेले, त्यामुळे जमिनीवरच्या प्रत्येक गोष्टीबद्दल त्यांचं मत ठाम. त्यांनी बॉनेट उघडून आत बघितलं आणि सल्ला दिला.

"सर, पहिलं काम करा. इंजिन काढून टाका. उगाच वजन होतंय."

"मग चालणार कशी?"

"चालवायचीय होय? मला वाटलं, वारसा आहे."

बसच्या इतिहासाबद्दलही एकमत होईना. सरांनी वहीत इतिहास लिहायला घेतला, कारण वारसा म्हटला की इतिहास हवा. एर्मोहेनेस म्हणाले की हा मूळचा अमेरिकन लष्कराचा ट्रक, लढाईनंतर एका सुतारानं पाइनच्या फळ्या ठोकून बस बनवली. कोपऱ्यावरच्या दुकानदारीणबाई म्हणाल्या की छे, लढाईच्या आधीपासून होती; जपान्यांनी पळवली होती आणि तिच्यातून रताळी वाहायचे, माझ्या सासऱ्यांनी डोळ्यांनी बघितलंय. सासरे तेव्हा जन्मलेले नव्हते हे सरांनी हिशेबानं दाखवून दिलं, तर त्या बाई पुढे बरेच दिवस सरांना मीठ देताना तोंड फिरवून देत. शेवटी सर मानांगकडे गेले. ती खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "प्रवासी अमेरिकन असले की मी म्हणायचे अमेरिकन आहे. इथले असले की म्हणायचे आपल्या सुतारानं बनवली. दोघंही खूश व्हायचे."

सरांनी वही मिटली. भूगोलाच्या माणसानं इतिहासात पडू नये, हेच खरं.

दुरुस्तीसाठी तासिओ आला. हा जीपनींचा, म्हणजे इथल्या नटव्या प्रवासी जीपगाड्यांचा मिस्त्री. जुन्या इंजिनांतलं आपल्याला सगळं कळतं असं तो सांगे, आणि इतक्या मोठ्या आवाजात सांगे की समोरच्याला शंका घ्यायला फट राहत नसे. त्यानं इंजिनाला कान लावला, डोळे मिटले, बराच वेळ तसाच राहिला. गल्ली श्वास रोखून उभी होती.

"मेलंय," तो म्हणाला.

हे एर्मोहेनेसनीही सांगितलं असतं. तासिओ पुढे म्हणाला, काळजी नको, जपानवरून आलेलं एक जुनं डिझेल इंजिन माझ्याकडे पडलंय, ते बसवतो. पण बाकं कुजलेली, टायर टकले, ताडपत्रीची चाळण झालेली, रंगाचा पत्ता नाही. हे सगळं आणायचं कुठून, या विवंचनेत सर असताना फेलिसा सहज बोलून गेली, आणि या साऱ्या कथेतला अनर्थ तिथून सुरू झाला.

"हे बघ, बस तयार झाली की फादर येऊन पाणी शिंपडणारच. आशीर्वाद म्हटला की धर्मबाप आणि धर्ममाया लागतातच. मग त्यांनाच सांग की एकेकानं एकेक गोष्ट द्या."

आता आमच्याकडे मुलाच्या बाप्तिस्म्याला धर्मबाप असतात, लग्नाला असतात, नव्या घराला असतात, नव्या दुकानालाही असतात. तेव्हा बसला असायला काही हरकत नव्हती. लाकडाच्या वखारवाल्यानं बाकांना फळ्या दिल्या, तो धर्मबाप झाला. टायर देणारा झाला. सेकंडहँड कपड्यांचा मोठा व्यापार करणाऱ्या बाईंनी ताडपत्री दिली, त्या धर्ममाय झाल्या. पुरिफिकासिओन बाईंचं अंत्यविधीचं दुकान होतं. त्यांनी रंग दिला, आणि तो रंग त्यांच्या शववाहिनीवरून उरलेला फिकट जांभळा होता. सेन्योरिता मूळची साईच्या रंगाची. सरांनी हे नम्रपणे सुचवून बघितलं.

"जांभळा शांत असतो, सर," बाई म्हणाल्या. "आजवर एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही."

हे ऐकून ज्यांनी काहीच दिलं नव्हतं ते दुखावले. एर्मोहेनेस सरांच्या अंगणात येऊन नुसतेच बसले. मग म्हणाले, "इतकी वर्षं शेजारी आहोत. आम्ही काही मोठी माणसं नाही म्हणा." एर्मोहेनेसनी खिशातून चार स्क्रू काढून टेबलावर ठेवले. ते धर्मबाप झाले. दुकानदारीणबाई साबण घेऊन आल्या, बस धुवायला, त्याही झाल्या. नाही म्हणायचं हे सरांना जमत नव्हतं आणि गल्लीत ते कुणालाच कधी जमलेलं नव्हतं. तासिओनं तर बजावूनच सांगितलं की इंजिन माझं, म्हणजे मुख्य धर्मबाप मी.

इथं एक बारीकशी अडचण होती, आणि ती सरांच्या उशिरा लक्षात आली. माणूस एकदा आपल्याकडच्या कुणाचा धर्मबाप झाला की तो आपला 'कुंपारे' होतो. कुंपारे म्हणजे जवळजवळ व्याहीच. त्याला जेवायला वाढता येतं, त्याच्या आजारपणाला जाता येतं, पण काम का झालं नाही असं विचारता येत नाही. सर रोज गॅरेजवर जायचे. तासिओ कोळंबीचे वेफर्स पुढे करायचा. "या कुंपारे, बसा." सर बसायचे. इंजिन जमिनीवर उघडं पडलेलं असायचं. दोघं हवापाण्याच्या गप्पा मारायचे आणि सर घरी यायचे. मिस्त्री असता तर त्याला चार शब्द सुनावता आले असते. व्याह्याला काय सुनावणार?

मग एकदा सर आणि फेलिसा तिच्या बहिणीकडे अंत्यविधीला गेले आणि परत येऊन बघतात तो सेन्योरिताच्या बॉनेटवर चकाकणारे स्टीलचे घोडे. शेजारी रंगीत गोंडे, वर आरसे, आणि पुढे मोठ्या लाल अक्षरांत 'तासिओचं प्रेम'. तासिओ अभिमानानं उभा होता.

"नागडी दिसत होती कुंपारे, म्हणून म्हटलं..."

सरांनी घोडे एकदा पुढून बघितले, एकदा मागून. पण कुंपारेला ते काय बोलणार? ते म्हणाले, "घोडे छान आहेत." तासिओनं लगेच आणखी दोन बसवले.

वाहन कचेरीतल्या परवान्याच्या प्रकरणात तर सरांच्या अब्रूची पार लक्तरं झाली. तिथला तपासणी अधिकारी रोगासियानो हा त्यांचा विद्यार्थी. नकाशात उत्तर दिशा दाखवता आली नाही म्हणून सरांनी त्याला एकदा वर्गाबाहेर उभं केलं होतं. त्यानं उठून नमस्कार केला, खुर्ची पुसून दिली, कॉफी मागवली, आणि मग इतक्या अदबीनं नकार दिला की सर मान हलवत राहिले.

"सर, सगळं उत्तम आहे. फक्त आपत्कालीन दरवाजा कुठे आहे?"

"अरे, गाडीला दरवाजाच नाही. सगळ्या बाजूंनी उघडी आहे. माणूस कुठूनही उतरू शकतो."

"ते मला दिसतंय सर. पण आपत्काळात कुठून उतरणार?"

"कुठूनही!"

"कुठूनही असं नियमात नाही, सर. नियमात 'दरवाजा' आहे." तो जरा थांबला. "तुम्हीच शिकवलंत सर. नकाशात खूण नसेल तर ती जागा नाही असं समजायचं."

सर त्या कचेरीत इतक्या वेळा गेले की पहारेकरी त्यांना जेवणाचा डबा आणला का विचारू लागला. शेवटी बसच्या एका उघड्या बाजूला, आजूबाजूला काहीही नसताना, एक चौकट उभी करून तिला दार लावलं. त्यावर लाल अक्षरांत 'आपत्कालीन दरवाजा' लिहिलं. रोगासियानोनं तो उघडून पाहिला, बंद करून पाहिला, समाधानानं सही केली आणि मग संकोचत विचारलं, "सर, अजून एखाद्या धर्मबापाची जागा आहे?"

इकडे दिवस सरत होते. मानांगची खोली रिकामी होत होती आणि गल्लीतली बस भरत होती. तिनं शिलाई मशीन लांबच्या भाचीला दिलं, भांडी फेलिसाला दिली, देवाची मूर्ती कागदात गुंडाळली. सर खोलीत डोकावायचे, रिकामी भिंत बघायचे आणि घाईनं बसकडे जाऊन एखादा घट्ट असलेला स्क्रू आणखी घट्ट करायचे. एकदा ती म्हणाली, "सान्तो, जरा बस की इथं." ते म्हणाले, "नको, रंग वाळतोय." रंग वाळायला माणूस लागत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

तीन राजांचा सण झाला. मानांगच्या निघण्याआधीच्या रविवारी आशीर्वादाचा समारंभ ठरला. गल्लीत टेबलं मांडली. भाजलेलं डुक्कर, शेवया, केळीच्या पानातला चिकट भात, सगळं झालं. फादर इल्देफोन्सोनी प्रार्थना म्हटली आणि बसवर पाणी शिंपडलं. घोड्यांवर जरा जास्तच शिंपडलं. त्यांना ते फार आवडले होते. मग धर्मबाप आणि धर्ममाया नवे कपडे सावरत बसमध्ये चढल्या. पहिल्या फेरीचा मान त्यांचा. पुढच्या बाकावर तासिओचं सगळं कुटुंब, मागे वखारवाला, टायरवाला, मग पुरिफिकासिओन बाई, दुकानदारीणबाई, रोगासियानो आणि त्याचे साहेब, एर्मोहेनेस आणि त्यांनी ऐन वेळी आणलेला मेहुणा. बाकं गच्च भरली.

सर मानांगचा हात धरून आले, आणि त्यांच्या पायांखालची जमीन सरकली. जागा नव्हती. जिच्यासाठी एवढा खटाटोप केला तिला बसायला वीतभर बाक नव्हतं. उठा म्हणायचं कुणाला? लाकूड देणाऱ्याला? रंग देणारीला? ज्यांना म्हणावं ते सगळे व्याही. सर नुसते बसच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. धर्मबाप त्यांच्याकडे बघून हसून हात हलवत होते. सरांना रडू यायचंच बाकी होतं.

"अरे, असा वेड्यासारखा काय फिरतोस?" मानांग म्हणाली. "मी कधी या गाडीत बसले होते का?"

तिनं काठी सरांच्या हातात दिली. ड्रायव्हरशेजारच्या फळीवर पाय ठेवला, पुढच्या दांड्याला धरलं आणि प्रवाशांकडे तोंड करून उभी राहिली. वय झालेलं, गुडघे गेलेले. पण उभी राहिली ती अशी की सगळे प्रवासी सरसावून बसले. सर फळीवर तिच्यामागे, ती पडली तर धरायला हात पसरून.

तासिओनं चाक हातात घेतलं आणि सेन्योरिता निघाली. पहिला चढ ती हसत चढली, दुसरा कुरकुरत, आणि सज्ज्याच्या अलीकडच्या वळणावर बॉनेटमधून वाफ उसळली. घोडे वाफेत दिसेनासे झाले. तासिओनं ब्रेक दाबला आणि ओरडला, "सगळे खाली!"

आणि काय सांगावं! सगळ्या बाजूंनी उघड्या असलेल्या त्या बसमधले सगळे धर्मबाप शिस्तीत उठले आणि आपत्कालीन दरवाजापाशी रांग लावून उभे राहिले. रोगासियानो दार धरून एकेकाला सोडत होता. सरांना वाटलं, आता जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. लोक रस्त्यावर थंडीत उभे राहिले. दरीतून धुकं वर येत होतं. कुणी म्हणालं, पायी परत जाऊ. पुरिफिकासिओन बाईंनी शववाहिनी मागवू का असं विचारलं.

तेवढ्यात मानांगनं फळीवरूनच दरीकडे हात केला.

"तो पलीकडचा डोंगर दिसतोय का? मान उंच केल्यासारखा?"

डोंगर दिसत नव्हता. धुकं होतं. सगळे तिकडे बघू लागले.

"ती एक म्हातारी आहे. तिची पोरं मीठ आणायला समुद्राकडे गेली. जाताना सांगून गेली, पावसाआधी येतो. पाऊस आला, पोरं आली नाहीत. म्हातारी टाचा उंच करून बघायला लागली..."

"सर! ही तर तुमची गोष्ट!" रोगासियानो ओरडला. "सहावीला होती!"

खरंच होती. 'आपल्या डोंगरांच्या प्राचीन दंतकथा' या धड्यात सरांनी ती जन्मभर शिकवली होती. त्या रस्त्यावर उभ्या असलेल्या निम्म्या लोकांना ती तोंडपाठ होती. तेही मानांगबरोबर म्हणू लागले. म्हातारीनं टाचा उंच केल्या, मग मान उंच केली, मग ती दगडाची झाली. धुक्यानं खालच्या उतारांवरची सगळी नवी घरं, गच्च्या, वाळत घातलेले कपडे झाकून टाकले होते. मानांग सांगत होती तशी नुसती दरी उरली होती. एर्मोहेनेसनी टोपी काढून हातात घेतली होती.

ती एक गोष्ट संपली. मानांगनं मागे वळून बॉनेटकडे बघितलं आणि लगेच दुसरी सुरू केली. मग तिसरी. तिसरी रंगात आल्यावर तिनं ती वखारवाल्याकडे सोपवली, कारण त्यालाही ती येत होती, आणि स्वतः टेकायला खाली आली. सरांनी तिला धरून दगडावर बसवलं.

"मानांग, तुला या प्राचीन कथा कुणी सांगितल्या होत्या?"

"प्राचीन कसल्या डोंबलाच्या! मीच बनवल्या. तेव्हाचा ड्रायव्हर लुपो खुणावायचा की गाडी तापलीय, काहीतरी बोल. मग इंजिन थंड होईपर्यंत बोलायचं."

"मी ती परीक्षेत विचारत होतो गं!"

"मग? पोरं पास झाली ना?"

सरांनी डोकं धरलं. मग त्यांना एक शंका आली, कारण तीस वर्षं शिकवलेल्या माणसाला शंका येतेच. "पण शेवटी म्हातारीची पोरं परत येतात ना? मी तसंच शिकवलंय."

"गाडी लवकर थंड झाली तर यायची. नाही झाली तर म्हातारी वाट बघत राहायची. तू आला होतास त्या दिवशी गाडी लवकर थंड झाली असेल."

समोर धुकंच होतं. सरांना अचानक वाटलं, आता म्हटलं नाही तर जन्मभर म्हणता यायचं नाही.

"जाऊ नकोस, मानांग."

म्हणून झालं. फार सोपं होतं ते. बस आणायची, घोडे बसवायची, दार ठोकायची काहीच गरज नव्हती. मानांगनं त्यांचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"हे तू पावसाळ्यात म्हणशील असं वाटलं होतं मला. मी वाट बघत होते."

"म्हटलं असतं तर राहिली असतीस?"

"नाही." ती हसली, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. "माझी पोर तिकडे बर्फात टाचा उंच करून बसलीय रे. समुद्रापलीकडून तिला येता येत नाही, तर म्हातारीनंच उठून जायला नको? पण तू म्हणायला हवं होतंस. मी सगळी भांडी देऊन टाकली तरी तू रंगच बघत होतास."

तासिओनं हॉर्न दिला. इंजिन थंड झालं होतं. सगळे परत त्याच दारातून रांगेनं चढले. सज्ज्यावर पोचल्यावर धुक्यापलीकडे काही म्हणजे काही दिसलं नाही, आणि सगळ्यांनी परत येऊन सांगितलं की इतकी सुंदर दरी आम्ही कधी बघितली नव्हती.

मनिलाला जाणारी बस सुटायच्या दिवशी सेन्योरिता नव्हती. कुंपारे तासिओनं तिचं इंजिन पुन्हा उघडून ठेवलं होतं आणि त्याला काही विचारायची सोय नव्हती. सर टॅक्सीनं मानांगला घेऊन थांब्यावर आले. दोरीनं बांधलेला खोका त्यांनी स्वतः बसच्या पोटात ठेवला. फेलिसानं वाटेसाठी भाताची पुडी दिली आणि ती रडत बाजूला झाली. कंडक्टर चला चला म्हणत होता. मानांगनं पायरीवर एक पाय ठेवला.

"मानांग," सर म्हणाले, "त्या म्हातारीला एक धाकटा भाऊ होता, माहितीय?"

ती थांबली. "कुठल्या म्हातारीला?"

"डोंगराच्या."

"नव्हता."

"होता. टेकडीएवढाच होता. कुणाच्या लक्षात यायचा नाही." सरांनी जन्मात कधी स्वतः गोष्ट रचली नव्हती. त्यांचा आवाज वर्गात पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या पोरासारखा कापत होता. "म्हातारी उठून समुद्राकडे निघाली तेव्हा तो म्हणाला... तो म्हणाला की..."

"आजी, चढा वर," कंडक्टर म्हणाला.

"थांब रे, गोष्ट चालू आहे," मानांग त्याला म्हणाली, आणि पायरीवरचा पाय तिनं खाली घेतला.

सर सांगत राहिले. टेकडीनं आधी एक गाडी बनवली, त्या गाडीला घोडे लावले, दार लावलं; गोष्ट रटाळ होती, तिला शेंडा नव्हता की बुडखा नव्हता. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, पुन्हा दिला. मानांग मान डोलावत ऐकत होती. मग तिनं सरांच्या गालाला हात लावला, वर चढली, खिडकीपाशी बसली आणि काच सरकवून कान बाहेर काढला.

बस सुटेपर्यंत सर बोलत होते. सुटल्यावरही बराच वेळ बोलत होते.